मेवेदरवर वाद घालायचाय? आधी तारखा पाठ करा

नाशिकात रविवारी सकाळी मिसळ खाताना भांडायला विषय लागतोच आणि आमच्या टेबलावर २०१५ पासून एकच विषय परत परत येतो, अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदर. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियावबरोबरची ती फाइट लास वेगासला शनिवारी रात्री झाली म्हणजे आपल्याकडे ३ मे, रविवार सकाळ, ऐन मिसळीच्या टायमाला. अर्धं टेबल पॅकियावचं, अर्धं मेवेदरचं, आणि मी छाती ठोकून "एकपण हरला नाही रे तो" एवढंच ओरडत होतो. आमच्यातले एक मामा, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, शांतपणे रस्सा ओतून घेत म्हणाले, "कोणाशी नाही हरला, आणि कधी?" मला तीन नावं धड सांगता येईनात. गपचूप पापड चघळत बसलो. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी, ५०-०, म्हणजे पन्नास जिंकल्या आणि एकही हरला नाही, हा आकडा पहिल्याच वाक्यात काढू नका. समोरचा लगेच पन्नासावा कोण म्हणून विचारणार आणि तो निघतो लाथाबुक्क्यांच्या एमएमएतला कॉनर मॅकग्रेगर, ऑगस्ट २०१७, ज्याची ती प्रोफेशनल बॉक्सिंगमधली पहिलीच फाइट होती. मी त्याला नुरा कुस्ती म्हणणार नाही, मॅकग्रेगर जीव तोडून खेळला आणि दहाव्या राउंडला रेफ्रीने थांबवली, पण जोडच काय लावली होती राव. जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानो ४९-० वर रिटायर झालेला, त्याच्या पुढे एक पाऊल टाकायला हा गडी निवडला. आणि दुसरं म्हणजे शून्य पराभव हे मोठेपणाचं माप असतं तर अली पाच वेळा हरला होता आणि शुगर रे रॉबिन्सन १९ वेळा, तरी जाणकार लोक रॉबिन्सनलाच सगळ्यात वर बसवतात. मीपण बसवतो.

आता खरा मुद्दा, जोड. जत्रेतल्या कुस्त्या बघितलेल्यांना हे सांगायलाच नको, इनामाची कुस्ती लागते तेव्हा लोक नुसतं पैलवानाचं नाव बघत नाहीत, त्याचं वजन काय, वय काय, मागच्या महिन्यात खांदा दुखावला होता का, सगळं बघतात. इथेपण तेच करायचं. कोणी नाव फेकलं की लगेच तारीख, वजन आणि वय विचारायचं.

उदाहरणार्थ कोणी म्हणालं "त्याने कॅनेलोला हरवलं". बरोबर, सप्टेंबर २०१३. पण हा मेक्सिकन बॉक्सर कॅनेलो तेव्हा २३ वर्षांचा आणि त्या वजनगटाची लिमिट १५४ पौंडांची असताना त्याला १५२ वर उतरायला लावलेलं. याउलट "शेन मोस्ली म्हातारा होता" असं कोणी म्हणालं तर हो म्हणा, ३८ वर्षांचा होता, पण त्याच मोस्लीने दुसऱ्या राउंडला असा ठोसा हाणला की मेवेदरचे गुडघे वाकले, आणि त्यानंतरचे दहा राउंड मेवेदरने त्याला काही करूच दिलं नाही. आणि मार्केझच्या वेळी, २००९ ला, ठरलेलं वजन १४४ पौंड आणि मेवेदर दोन पौंड जास्त भरला, दंडाचे पैसे देऊन मोकळा झाला. हे त्याच्या फॅनने आधी स्वतःच सांगून टाकावं, नाहीतर समोरचा सांगतोच.

पॅकियावचा मुद्दा सगळ्यात जास्त पेटतो. "पाच वर्षं टाळलं, म्हातारा झाल्यावर लढला". यातलं अर्धं खरं. बोलणी २००९-१० मध्येच झाली होती आणि डोपिंगसाठीच्या रक्त तपासणीच्या अटींवरून फिसकटली, मग २०१२ च्या डिसेंबरमध्ये मार्केझने पॅकियावला एका ठोशात तोंडावर पाडला, म्हणजे २०१५ चा पॅकियाव २००९ चा नव्हता हे मान्य. पण म्हातारा म्हणत असाल तर पॅकियाव ३६ चा होता आणि मेवेदर ३८ चा! हे वाक्य टेबलावर टाका आणि शांतपणे दही मिसळा.

मेवेदरची बाजू घ्यायची असेल तर माझं ऐका, शेवटची दहा वर्षं सोडा आणि १३० पौंडांच्या वजनगटातला पोरगा मेवेदर काढा. १९९८ ला हेर्नांडेझकडून चॅम्पियनचा बेल्ट घेतला तेव्हा २१ वर्षांचा. जानेवारी २००१ ला डिएगो कोरालेस समोर, तोही तोवर एकही न हरलेला, उंच, दणकट, आणि याने त्याला पाच वेळा खाली पाडला. यात कुठलं वजन कमी करायला लावलं नव्हतं की समोरचा म्हातारा नव्हता. ज्यांनी मेवेदर फक्त पळतो असं ठरवून टाकलंय त्यांनी ही फाइट बघितलेलीच नसते.

फेमचं वेगळं ठेवा. पॅकियावची फाइट एकट्या अमेरिकेत ४६ लाख वेळा विकली गेली, म्हणजे लोकांनी टीव्हीवर पैसे भरून बघितली, एचडीत जवळजवळ १०० डॉलरला, आणि मॅकग्रेगरचीपण ४० लाखांच्या वर गेली. यावरून एवढंच कळतं की अर्धे लोक तो हरावा म्हणून पैसे देत होते. त्याचं टोपणनाव 'प्रिटी बॉय'चं 'मनी' झालं ते याच हिशोबाने. धंदा म्हणून मानलं पाहिजे, पण ठोशांच्या खात्यात हे जमा करू नका. आणि २०१२ ला घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये तो जेलमध्ये गेला होता, लेगसी म्हटलं की तेपण आलं, विषय बदलू नका.

आणि वाद मिटतच नसेल तर एप्रिल २००२ ची कॅस्टिलोबरोबरची पहिली फाइट लावा. जजेसनी मेवेदरला दिली, दोघांनी ११५-१११, एकाने ११६-१११, आणि तेव्हापासून लोक भांडतायत. मोबाइलचा आवाज बंद, कॉमेंटरी नको, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९, प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर लिहायचं आणि शेवटपर्यंत कोणाला दाखवायचं नाही. आम्ही बिलाच्या मागे लिहिलं होतं. माझ्याकडे, म्हणजे मेवेदरच्या फॅनकडे, कॅस्टिलो ११५-११३. मामांकडे, जे आयुष्यभर पॅकियाववाले, मेवेदर ११५-११३. त्यानंतर पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग मामांनीच अजून एक रस्सा मागवला.