दाताच्या बोन ग्राफ्टनंतर तोंडाची काळजी

इम्प्लांट, म्हणजे जबड्यात रोवायचे कृत्रिम दाताचे मूळ, बसवण्यासाठी जबड्याचे हाड अपुरे असले, तर डॉक्टर त्या जागी हाडाचे बारीक कण भरतात, बहुधा त्यावर पातळ पडदा ठेवतात आणि हिरडी टाक्यांनी शिवतात. यालाच बोन ग्राफ्ट म्हणतात. या कणांभोवती रक्ताची गुठळी धरते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि पुढे काही महिन्यांत तेथे आपले स्वतःचे हाड तयार होते. म्हणून सुरुवातीची बहुतेक पथ्ये ही गुठळी हलू नये यासाठीच असतात.

जेवण झाले की खळखळून चूळ भरण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते, आणि नेमकी हीच चांगली सवय पहिले २४ तास पूर्ण बंद ठेवावी लागते. जोराने थुंकू नये, तोंडात साचलेली लालसर लाळ गिळावी किंवा बेसिनवर वाकून ओघळू द्यावी. स्ट्रॉने ओढतानाही गुठळी सुटू शकते, तेव्हा नारळपाणी पेल्यात ओतून घ्यावे. दुसऱ्या दिवसापासून मिठाचे कोमट पाणी तोंडात घेऊन मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलती करावी आणि ते तसेच ओघळू द्यावे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत. टाक्यांवर मात्र डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश नेऊ नये, आणि घरातल्यांनी कितीही मायेने सुचवले तरी लवंगेचे तेल किंवा हळद लावू नये.

पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर १५ ते २० मिनिटे ठेवावा व तेवढाच वेळ काढावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते, त्याने घाबरू नये. या दिवसांत लोकलच्या गर्दीत शिरणे टाळावे, कारण एखाद्याचे कोपर गालावर बसायला वेळ लागत नाही.

गार केलेली पेज, दहीभात, मऊ खिचडी असे खाऊन दुसऱ्या बाजूने चावावे. चुरमुरे, फरसाण आणि कडक पाव वर्ज्य. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांबाबत तडजोड नको, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्तच पुरेसे मिळत नाही.

सुरुवातीला वाळूसारखे दोन-चार कण जिभेवर आले तर ते सामान्य आहे. पडदा सुटून आला तर लगेच फोन करावा. वरच्या दाढांजवळ सायनस लिफ्ट, म्हणजे दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा तळ उचलून तेथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया, केली असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये आणि शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे किंवा सूज वाढली, ताप आला, पू दिसला किंवा कोणत्याही दिवशी गॉझ दाबून धरूनही रक्त थांबले नाही, तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी.

मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचार झाले असतील, तर केसपेपर जपून ठेवावा, कारण टाके साधारण ७ ते १४ दिवसांनी काढले तरी इम्प्लांटसाठी पुन्हा एक्स-रे काढायला बहुधा चार ते सहा महिन्यांनी जावे लागते.