कलम १५ वरचा वाद वर्गात कसा घडवावा

‘स्त्री-पुरुष समान असावेत का?’ असा विषय फळ्यावर लिहिलात की वाद तिथेच संपतो. विरोधात कोणी उभं राहत नाही, राहिलंच तर चिडवायला. खरा प्रश्न असा मांडा : कायद्याने बाईला पुरुषासारखंच वागवायचं, की तिच्यासाठी वेगळी तरतूद ठेवायची?

नववी-दहावीला सलग दोन तासिका लागतात. आदल्या दिवशी आपल्या संविधानातलं कलम १४ (कायद्यापुढे सगळे समान), १५(१) (राज्याने लिंग, धर्म, जात अशा कारणांवरून भेदभाव करू नये) आणि १५(३) वहीत उतरवून आणायला सांगा. पहिली दहा मिनिटं फक्त शब्दांची. १५(१) मधला ‘राज्य’ अधोरेखित करून घ्या. तो निसटला की चर्चा ‘घरी भांडी ताईच का घासते’ इकडे वळते. प्रश्न मोलाचाच, पण हे उपकलम सरकारला बांधतं, घराला नाही. मग १५(३) : स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करायला राज्याला मुभा. ‘मग ही समानता कसली?’ असं कोणीतरी विचारेल. लगेच उत्तर देऊ नका, वाद इथूनच उभा राहतो.

नाशिकच्या मुलांना सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली कामाची पाळी समजावून सांगावी लागत नाही, म्हणून उदाहरण तिथलंच घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ ने बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत कामाची परवानगी दिली. हे संरक्षण, की हातची मजुरी जाणं? ४० मुलांचे आठ-आठचे पाच गट करा : रात्रपाळी मागणाऱ्या कामगार बायका, ती नको म्हणणाऱ्या, कारखानदार, सरकार आणि न्यायाधीश. गट चिठ्ठ्या टाकूनच पाडा. मुलांवर सोडलंत तर मुलगे विरुद्ध मुली होतं आणि मुद्दे बाजूला राहतात.

दुसऱ्या तासिकेत अमेरिका. तिथे स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती (समान हक्क दुरुस्ती) १९२३ मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर आली, तेव्हा कामगार स्त्रियांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनीच विरोध केला, कारण बायकांच्या कामाचे तास मर्यादित करणारे कायदे जातील ही भीती. ‘त्या समानतेच्या विरोधात होत्या’ असं शिकवू नका. त्यांचं म्हणणं आपल्या १५(३) च्या जवळचं आहे. १९७२ पर्यंत दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली. ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता हवी होती, पण १९८२ च्या वाढीव मुदतीपर्यंत ती ३५ वरच अडली.

न्यायाधीशांनी निकाल पाच ओळींत लेखी द्यावा, कलमाच्या शब्दांसह. तो वाचून झाल्यावरच सांगा, की मद्य प्यायलं जातं तिथे बायकांना नोकरीस मनाई करणारी जुनी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली. आधी सांगितलंत, तर गट न्यायालयाचंच उत्तर उतरवून मोकळा होतो.