पटावरचे वीर: रोलप्लेइंग खेळांसाठी मिनी कशा निवडाव्यात, रंगवाव्यात आणि सांभाळाव्यात

बडोद्याला दांडिया बाजाराजवळच्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर आम्ही भावंडे दर दिवाळीला मातीचा किल्ला करीत असू. चित्रे मांडायची वेळ आली की आजोबा एकच गोष्ट पाहत: दरवाज्यातला मावळा दरवाज्याहून उंच तर दिसत नाही ना? आज रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा रोलप्लेइंग खेळ, खेळायला बसतो, तेव्हा पटावरची मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या आणि राक्षसांच्या छोट्या मूर्ती, आमच्या बोलण्यातल्या मिनी, निवडताना मला तीच कसोटी उपयोगी पडते. नव्याने खेळू लागलेल्यांना मी हेच सांगतो की मिनी कमी घ्याव्यात, एका मापाच्या घ्याव्यात आणि दोन हात अंतरावरून ओळखू येतील अशा घ्याव्यात.

मापाचा हिशेब सोपा आहे. पटावरची एक इंचाची चौकट म्हणजे खेळातले पाच फूट, त्यामुळे ज्याची चाल तीस फुटांची तो एका वेळी सहा चौकटी जातो. माणूस, टोकदार कानांचा एल्फ किंवा बुटका ड्वार्फ यांची बैठक, म्हणजे मिनीच्या पायाखालची तबकडी, साधारण २५ मिलिमीटरची असते आणि ती एका चौकटीत बसते. त्याहून मोठ्या प्राण्याला दोन बाय दोन आणि आणखी मोठ्याला तीन बाय तीन चौकटी लागतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मिनी २८ ते ३२ मिलिमीटर मापाच्या असतात आणि एवढा फरक डोळ्यांना खटकत नाही. मात्र बऱ्याच मोठ्या मापाची एखादी शोभेची मूर्ती मध्ये आणून ठेवली, तर बाकीचे सगळे वीर तिच्यापुढे पोरांसारखे दिसू लागतात.

पहिली खरेदी फक्त खेळाडूंच्या पात्रांची करावी. रीपर कंपनीच्या बोन्स मालिकेतल्या मिनी मऊसर प्लास्टिकच्या असतात आणि हातातून पडल्या तरी सहसा मोडत नाहीत. विझकिड्स कंपनीच्या न रंगवलेल्या मिनी अस्तराचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, हात देऊनच येतात, त्यामुळे नवशिक्याचे एक काम वाचते. निवडताना तलवारीवरच्या नक्षीपेक्षा उभे राहण्याची ढब पाहावी. हात उंचावलेली जादूगारीण, ढालीमागे वाकलेला योद्धा आणि गुडघा टेकलेला तिरंदाज सावलीवरूनसुद्धा वेगवेगळे ओळखू येतात.

राक्षसांसाठी आरंभी पैसे खर्च करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. या खेळाचे नियम १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केले, आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल आउलबेअर व लोखंड गंजवणारा रस्ट मॉन्स्टर हे त्यातले नावाजलेले प्राणी गायगॅक्स यांना स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पिशवीतून सुचले होते. मग आपण बडोद्याच्या मंगळबाजारातल्या खेळण्यांना कमी का लेखावे? विश्वामित्री नदीच्या मगरी पाहत वाढलेल्या आमच्या गटाचा आवडता शत्रू हा असाच एक प्लास्टिकचा मगर आहे. नियमांत साध्या मगरीला चार चौकटींची जागा दिलेली आहे, म्हणून दोन इंचांच्या पुठ्ठ्याच्या चौकोनावर त्याला चिकटवले, वर करडा-हिरवा रंग चढवला, आणि तीन वर्षे तो आम्हाला पुरून उरला आहे.

रंगकामाला मात्र वेळ द्यावा. मिनी आधी साबणाच्या कोमट पाण्यात दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवावी, कारण साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. डब्यात दाबली जाऊन भाला वाकला असेल, तर मिनी चिमट्याने धरून काही क्षण कडकडीत गरम पाण्यात बुडवावी, भाला सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात धरावा, म्हणजे तो तसाच राहतो. त्यानंतर प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा हात द्यावा. येथे बडोद्याच्या हवेचा विचार केलाच पाहिजे. एका श्रावणात मी गच्चीवर स्प्रेने आठ मिनींना अस्तर दिले आणि हवेतल्या दमटपणामुळे त्या सगळ्यांवर पांढुरका धुरकट थर बसला. मे महिन्याच्या दुपारी उलट घडले, रंगाचे थेंब मिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळले आणि पृष्ठभाग रवाळ झाला. तेव्हापासून मी कुंचल्याने लावायचे अस्तर वापरतो. मऊ प्लास्टिकवर काही स्प्रे वाळतच नाहीत आणि मिनी कायमची चिकट राहते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

ललितकलेचे शिक्षण देणारी विद्यापीठाची शाखा १९५० पासून शहरात असल्याने चांगला कुंचला शोधायला येथे फारसे हिंडावे लागत नाही. अगदी केसाएवढा बारीक कुंचला घेण्याचा मोह टाळावा. त्याच्या टोकावरचा रंग मिनीला लागण्याआधीच वाळतो. एक नंबरचा, टोकदार आणि पोट भरलेला कुंचला डोळ्यांपासून अंगरख्यापर्यंत सगळी कामे करतो. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करावा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. सपाट रंग वाळले की वॉश द्यावा, म्हणजे अतिशय पातळ गडद तपकिरी रंग मिनीवर सोडावा. तो आपोआप चुण्यांमध्ये उतरतो, बोटांच्या फटींत थांबतो, साखळी चिलखताच्या प्रत्येक कडीभोवती काळी रेघ ओढतो, आणि क्षणापूर्वी रंगीत प्लास्टिक दिसणाऱ्या चेहऱ्याला गाल व भुवया येतात. हनुवटीखाली किंवा पायांशी थेंब साचला तर ओलसर कुंचल्याने तो टिपून घ्यावा, नाहीतर तेथे डाग राहतो. पूर्ण वाळल्यावर फिकट रंग कुंचल्यावर घेऊन फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि तो कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. डोळ्यांतली बुबुळे काढण्याचा आग्रह धरू नये. खोबणीतली सावली टेबलापलीकडून पुरेशी दिसते. बैठकीवर फेव्हिकॉल लावून चाळणीने चाळलेली वाळू भुरभुरावी आणि शेवटी मॅट वॉर्निशचा हात द्यावा, कारण बोटांच्या घामाने रंग उडतो.

टेकड्या आणि भिंतींसाठी थर्माकोल उत्तम आहे, पण त्यावर स्प्रे रंग थेट मारू नये; त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल व रंग एकत्र करून जाड लेप द्यावा.

बाकीच्या साहित्यात फासे आले. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा, असा संच प्रत्येकाकडे स्वतःचा असावा. वीस बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज सहसा २१ येते, आणि संच घेताना मी हे नेहमी तपासतो. धातूचे फासे हातात छान वाटतात, पण ते काचेला आणि पॉलिशला ओरखडे पाडतात, म्हणून आतून लोकरी कापड लावलेले उथळ लाकडी ताट ठेवावे. व्हिनाइलच्या चौकटीदार चटईवर ओल्या फडक्याने पुसले जाणारे पेनच वापरावे. व्हाइटबोर्डचे पेन तिच्यावर कायमचे उमटते. चटई परवडत नसेल तर कागदावर एक इंचाच्या चौकटी आखून तो जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवावा. काचेवर व्हाइटबोर्डचे पेन बिनदिक्कत चालते.

सांभाळण्यासाठी माझी रीत अशी आहे: प्रत्येक बैठकीच्या तळाशी पाच मिलिमीटरचे चपटे लोहचुंबक चिकटवावे आणि मिनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात उभ्या कराव्यात. डबा स्टीलचा घेण्यापूर्वी चुंबक लावून पाहावे, कारण स्वयंपाकघरातल्या कितीतरी स्टीलच्या डब्यांना ते चिकटत नाही. डब्यातून मिनी काढताना तिला भाल्याला किंवा डोक्याला न धरता बैठकीला धरून थोडी तिरकी करावी, म्हणजे चुंबक अलगद सुटते.