व्हिएतनामचा स्वातंत्र्यलढा: राष्ट्रवाद आणि साम्यवाद यांचा अभ्यास कसा करावा

मुंबईतल्या महाविद्यालयांत किंवा अभ्यासमंडळांत व्हिएतनामचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच ठिकाणी अडते: हो चि मिन्ह मुळात राष्ट्रवादी होते की साम्यवादी? हा प्रश्न घेऊन निबंध लिहायला बसलेला विद्यार्थी एका बाजूचे पुरावे गोळा करतो आणि दुसऱ्या बाजूचे अडचणीचे म्हणून वगळतो. म्हणून आधी प्रश्नच बदलून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. राष्ट्रीय स्वातंत्र्य आणि जमिनीचे फेरवाटप या दोन मागण्यांपैकी कोणत्या वर्षी कोणती पुढे ठेवली गेली, कोणती मागे सारली गेली आणि तो निर्णय कोणी घेतला, हे प्रत्येक टप्प्यावर विचारावे. वहीत या दोन मागण्यांचे दोन रकाने आखून घ्यावेत आणि पुढील प्रत्येक नोंद त्या रकान्यांत करावी.

सुरुवात नकाशापासून करावी. फ्रेंचांनी देशाचे तीन तुकडे केले होते: दक्षिणेतील कोचिनचायना ही थेट वसाहत, तर मधला अन्नाम आणि उत्तरेतील टोंकिन हे संरक्षित प्रदेश. कायदे वेगळे असल्यामुळे राजकारणही वेगळे घडले. दक्षिणेतील सायगावात मर्यादित का होईना, निवडणुका होत आणि विरोधी वृत्तपत्रे निघू शकत. उत्तरेत आणि मध्य भागात तेच काम भूमिगत राहून करावे लागे. हा फरक मनात पक्का नसेल, तर पुढच्या अनेक घटनांचे कोडे उलगडत नाही.

त्यानंतर लगेच साम्यवादी पक्षाकडे वळू नये. १८८५ मध्ये हाम न्घी या बालसम्राटाच्या नावाने उभे राहिलेले फ्रेंचविरोधी कान वुओंग आंदोलन, १९०५ पासून तरुणांना शिक्षणासाठी जपानला पाठवणारे फान बोइ चाउ आणि राजेशाहीवर कठोर टीका करून फ्रेंचांना त्यांच्याच प्रजासत्ताक तत्त्वांची आठवण करून देणारे फान चु त्रिन्ह हे आधी वाचावेत. आपल्याकडील वाचकाला येथे जहाल आणि मवाळ आठवतील आणि ते स्वाभाविक आहे. पण ही तुलना फार ताणू नये, कारण आपल्या मवाळांना निदान परिषदा आणि अधिवेशने भरवता येत होती. फान चु त्रिन्हांना १९०८ च्या करविरोधी उठावानंतर थेट तुरुंगात टाकण्यात आले.

न्गुएन आय क्वोक, म्हणजे पुढचे हो चि मिन्ह, या परंपरेतूनच आले. १९१९ मध्ये व्हर्सायच्या परिषदेपुढे त्यांच्या नावाने गेलेल्या आठ मागण्यांत स्वातंत्र्याची मागणीसुद्धा नव्हती. त्या नागरी हक्कांच्या मागण्या होत्या. १९२० च्या जुलैत त्यांनी वसाहतींच्या प्रश्नावरील लेनिन यांचे निवेदन वाचले आणि डिसेंबरमध्ये तूर येथील अधिवेशनात ते फ्रेंच साम्यवादी पक्षाच्या स्थापनेत सामील झाले. येथे भारतीय विद्यार्थ्याने थोडे थांबावे. त्याच वर्षी मॉस्कोत साम्यवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (कॉमिन्टर्नच्या) दुसऱ्या अधिवेशनात मानवेंद्रनाथ रॉय यांनी लेनिन यांच्या भूमिकेला पूरक प्रबंध मांडला होता. वसाहतींतील मध्यमवर्गीय राष्ट्रवाद्यांवर कितपत विसंबावे, हा त्या दोघांमधील वादाचा मुद्दा होता. व्हिएतनामचा पुढचा पाव शतकाचा इतिहास या वादाच्या प्रकाशात वाचता येतो. म्हणून दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचावेत. ते लहान आहेत आणि एका बैठकीत वाचून होतात.

सर्वाधिक वेळ १९३० या वर्षाला द्यावा. फेब्रुवारीत येन बाय येथे व्हिएतनामी राष्ट्रवादी पक्षाने सैनिकांच्या मदतीने उठाव केला आणि तो चिरडला गेला. न्गुएन थाय होक आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांना जूनमध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले. शिक्षक, कारकून आणि सैनिक यांच्यावर उभा असलेला हा पक्ष खेड्यांत रुजला नव्हता, त्यामुळे नेतृत्व गेल्यावर त्याला सावरता आले नाही. त्याच फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये न्गुएन आय क्वोक यांनी विखुरलेल्या साम्यवादी गटांना एकत्र आणून पक्ष स्थापन केला. त्यांच्या मसुद्यात लहान आणि मध्यम जमीनदारांना जमल्यास आपल्याकडे वळवावे, निदान तटस्थ ठेवावे, असे धोरण होते. ऑक्टोबरमध्ये त्रान फू यांच्या नेतृत्वाखालील बैठकीने कॉमिन्टर्नच्या तत्कालीन कडक वर्गवादी धोरणानुसार तो मसुदा सदोष ठरवला आणि पक्षाचा व्याप संपूर्ण इंडोचायनापर्यंत वाढवला. म्हणजे एकाच पक्षात, एकाच वर्षात, दोन्ही रकाने भरतात. ‘साम्यवाद्यांनी राष्ट्रवादाचा मुखवटा घातला’ असे लिहिण्यापूर्वी हा अंतर्गत संघर्ष नजरेआड होत नाही ना, हे तपासावे.

१९४१ च्या मे महिन्यात पाक बो येथील बैठकीत पारडे फिरले. राष्ट्रमुक्ती प्रथम, सर्व जमीनदारांच्या जमिनी जप्त करण्याची घोषणा तूर्त स्थगित, फक्त फ्रेंच, जपानी आणि देशद्रोही यांच्या जमिनी घ्यायच्या, असे ठरले आणि व्हिएतमिन्ह या साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्य आघाडीची स्थापना झाली. येथे मुंबईकर अभ्यासकाने एक समांतर नोंद जरूर करावी. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हा भारतीय साम्यवादी पक्षाने महायुद्ध हे फॅसिझमविरोधी ‘लोकयुद्ध’ आहे अशी भूमिका घेऊन आंदोलनाला विरोध केला होता. विचारसरणी एकच असताना वर्तन उलट का झाले? भारतावर राज्य करणारे ब्रिटिश सोव्हिएत संघाचे मित्र होते. व्हिएतनाममधील फ्रेंच प्रशासन मात्र जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्समधील व्हिशी सरकारचे होते आणि जपानशी हातमिळवणी करून टिकले होते. तेथे फॅसिझमविरोध आणि वसाहतवादविरोध यांची दिशा एकच होती, येथे त्या दिशा फाकल्या. माझ्या मते या एका तुलनेतून जे कळते, ते दोन्ही देशांच्या पक्षांची चरित्रे वेगवेगळी वाचून कळत नाही.

१९४५ चा उठाव समजण्यासाठी भूक समजून घ्यावी लागते. सक्तीची भातवसुली, ताग लावण्याची सक्ती, पूर आणि तुटलेली वाहतूक यांमुळे १९४४-४५ मध्ये उत्तरेत भीषण दुष्काळ पडला. बळींच्या संख्येबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून आकडा देताना तो कोणाचा हे नेहमी लिहावे. व्हिएतमिन्हने धान्याची कोठारे फोडण्याची हाक दिली, तेव्हा भाकरीचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न प्रथमच लाखो शेतकऱ्यांसाठी एक झाला. २ सप्टेंबरला हनोईत वाचलेल्या जाहीरनाम्याची सुरुवात अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या घोषणापत्रांतील अवतरणांनी होते, मार्क्सने नव्हे. ही निवड कोणाला उद्देशून होती, हे अवश्य लिहावे.

यानंतर मुंबईतच करता येण्याजोगे एक काम आहे. त्याच महिन्यात ब्रिटिश जनरल ग्रेसी यांच्यासह सायगावात उतरलेली विसावी भारतीय डिव्हिजन आपल्याच माणसांची होती आणि तिच्या उपस्थितीत फ्रेंचांनी सायगाव परत घेतले. एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे जुनी नियतकालिके चाळण्याची सवय असणाऱ्यांनी १९४५-४६ च्या अंकांत या सैन्याबद्दल काय छापून येत होते, ते पाहावे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात बंड करणाऱ्या नौसैनिकांच्या मागण्यांत इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावण्याची मागणी होती, हे लक्षात ठेवून ही पाने वाचली तर शोध अधिक नेमका होईल.

पराभूतांनाही निबंधात जागा द्यावी. १९३९ मध्ये सायगावच्या निवडणुकीत साम्यवादी पक्षाला मागे टाकणारे ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनविरोधी साम्यवादी, नेते ता थु थाउ १९४५ मध्ये व्हिएतमिन्हच्या हातून मारले गेले. ते वगळले तर एकजुटीची किंमत कोणी मोजली, हेच लपते.

शेवटी, फ्रेंचांचा निर्णायक पराभव झालेल्या १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईपाशी निबंध थांबवू नये. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये विसर्जित झाल्याचे जाहीर केलेला पक्ष १९५१ मध्ये कामगार पक्ष म्हणून उघडपणे परतला होता आणि १९५३ च्या अखेरीस जमीन सुधारणेचा कायदा झाला. पाक बो येथे स्थगित केलेली मागणी आता दुसऱ्या रकान्यातून पहिल्या क्रमांकावर आली. तिच्या अंमलबजावणीत लढ्याला साथ दिलेले लोकही जमीनदार ठरवून मारले गेले. १९५६ मध्ये पक्षाने चुका कबूल केल्या आणि सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले.