कोर्टाचं वॉरंट निघालंय का ते कसं बघायचं आणि रद्द कसं करून घ्यायचं, कोल्हापूरवाल्यांसाठी

माझ्या मामेभावाच्या दारात पोलीस आले ते सकाळी साडेसहाला, धार काढत बसलेला तो, हातातली बादली तशीच राहिली. चेक बाऊन्सची केस होती, समन्स गेलेलं मंगळवार पेठेतल्या जुन्या पत्त्यावर आणि हा चार वर्षांपूर्वीच पाचगावला राहायला आलेला, त्यामुळं केस चालू आहे हेच घरात कुणाला माहीत नाही. पहिलं वॉरंट जामीनपात्र होतं म्हणून दारातच बॉण्डवर सह्या घेऊन सोडलं आणि तारीख दिली. त्या तारखेला हा भिऊन गेलाच नाही. मग निघालं अजामीनपात्र, म्हणजे दारात न सोडता धरून कोर्टात नेतात ते, आणि त्यानंतर गडी दोन महिने सासुरवाडीला गडहिंग्लजला झोपायला. शेवटी मीच धरून कोर्टात नेला, आणि जे काम दोन महिने अंगावर काढलं ते अर्ध्या दिवसात झालं. म्हणून सगळं नीट सांगतोय, कुणीतरी आत्ता असंच लपून बसलेलं असणार.

पहिली गोष्ट, वॉरंट आपोआप मरत नाही. ज्या कोर्टानं काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा पोलीस तुम्हाला धरून हजर करेपर्यंत ते जिवंत राहतं, वर्ष गेलं तरी आणि पाच वर्षं गेली तरी. पोलीस आले नाहीत म्हणजे विषय मिटला असं समजणारी लई माणसं बघितली मी.

आता बघायचं कसं. मोबाईलमधे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट, वेबसाईट पण आहे. केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळतो तो वेगळा नंबर, असेल तर तो टाकला की सगळी केस समोर येते, नसेल तर नावावरून शोधायचं, राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, मग कोर्ट निवडायचं, आणि इथंच लोक चुकतात, कारण इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज ही कोर्टं वेगवेगळी निवडून बघावी लागतात. वर्ष पण टाकावं लागतं, त्यामुळं अंदाजानं तीन-चार वर्षं एकेक करून बघा. नाव इंग्रजीत असतं आणि स्पेलिंग कोर्टात ज्यानं जसं टाईप केलं तसं, चौगुले आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं मी स्वतः बघितलंय, म्हणून एका स्पेलिंगवर सापडलं नाही की सुटलो म्हणू नका. चेक बाऊन्सचं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा, केस साधारण समोरच्याचं खातं ज्या शाखेत असेल तिथल्या कोर्टात होते, म्हणजे तुम्ही राहताय कोल्हापुरात आणि केस सांगलीला नाहीतर पुण्याला असू शकते.

केस सापडली की पुढची तारीख आणि स्टेज बघायची. तिथं बीडब्ल्यू दिसलं तर जामीनपात्र, एनबीडब्ल्यू दिसलं तर अजामीनपात्र. मागच्या तारखांवर बोट दाबलं की त्या दिवशी काय झालं त्याची एक-दोन ओळी नोंद उघडते, ती नक्की वाचा.

ॲपचा भरवसा वाटत नसेल तर सरळ कोर्टात जाऊन तिथल्या ऑफिसातल्या शिरस्तेदारांना विचारलं तरी चालतंय, तुम्ही गेलात तर उत्तम नाहीतर वकील जाऊन बघतात. आता जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला, न्यायसंकुलात आहे. गावाकडची वयस्कर माणसं अजून सीपीआर दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टात जातात, तिथं २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, खालच्या कोर्टातलं वॉरंट रद्द करायला तिकडं जायचं नाही. ज्या कोर्टानं काढलं त्याच कोर्टात जायचं, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

जायच्या आधी कागद जमवा. आधार, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, आणि तारखेला का आला नव्हता याचं जे काय खरं कारण असेल त्याचा कागद, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड म्हणा, घर बदललं असेल तर नव्या घराचं लाईट बिल म्हणा. भावाचं कारण लाईट बिलावर टिकलं, समन्स ज्या पत्त्यावर गेलं तिथं तो राहतच नव्हता हे बिलावरच्या तारखांवरून दिसलं. खोटं मेडिकल सर्टिफिकेट मात्र अजिबात लावू नका, न्यायाधीश साहेबांसमोर रोज शंभर असली सर्टिफिकेटं येतात. सोबत एक जामीनदार तयार ठेवा, सातबारा किंवा घरफाळ्याची पावती किंवा पगाराची स्लिप असलेला, कारण साहेब जातमुचलक्यावर, म्हणजे तुमच्या स्वतःच्याच हमीवर सोडतील की जामीनदार मागतील हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. ऐन वेळेला जामीनदार शोधत बावड्यातनं फोन लावत बसायची वेळ येऊ देऊ नका.

वकील करा. स्वतः उभं राहून अर्ज देता येतो, पण अजामीनपात्र असेल तर वकील पाहिजेच असं माझं मत. वकीलपत्रावर सही, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, त्याला कोर्ट फी स्टॅम्प, बस. अकराच्या आत पोचायचं, दाराबाहेरच्या बोर्डावर केसचा नंबर बघायचा, बोर्डावर नसेल तर वकील फाईल काढून घ्यायचा अर्ज देतात. मग पुकारा होईपर्यंत दारातून हलायचं नाही, चहाला सुद्धा नाही. भावाचा पुकारा झाला तेव्हा पट्टेवाल्यांनी दोनदा नाव घेतलं आणि हा जागेवरनं उठेना, पाय थरथरत होते, मी दंडाला धरून उभा केला. साहेबांनी विचारलं, "आला का नव्हता?" हा म्हणाला, "चुकलं साहेब, भिऊन आलो नाही." तेवढंच बोलला. वकिलांनी अर्ज वाचला, साहेबांनी थोडा दंड केला, नवीन बॉण्ड घेतला आणि वॉरंट रद्द लिहिलं. आपण होऊन हजर झालेल्या माणसाकडं कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं, हे मी त्या दिवशी तिथं बसून चार केसेसमधे बघितलं. पोलिसांनी आणलेल्या एकाला त्याच दिवशी कळंबा जेलला पाठवलं.

हजर न झाल्याचं वेगळं ओझं पण वाढत जातं. जामिनावर सुटून तारखेला न जाणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा. त्याच्या पुढं कोर्ट फरारी म्हणून जाहीरनामा काढू शकतं, त्यात हजर व्हायला किमान तीस दिवस देतात, मग मालमत्तेवर जप्ती पण येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वॉरंट कोर्टात रद्द झालं तरी त्याचा कागद पोलीस स्टेशनात पडून असतो. २००२ साली मुंबईत एका वकिलांचंच वॉरंट कोर्टानं रद्द केलेलं, तरी ऐन १५ ऑगस्टला पोलीस घरी आले, रद्द झाल्याचा कागद हातात नव्हता म्हणून अटक झाली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मधे कोर्टानं वॉरंटांची नोंद कशी ठेवायची याच्या सूचना दिल्या. म्हणून त्याच दिवशी आदेशाच्या नकलेसाठी अर्ज करा, नक्कल मिळाली की राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, करवीर जे तुमचं पोलीस स्टेशन असेल तिथं जाऊन वॉरंटचं काम बघणाऱ्या अंमलदारांना द्या आणि आपल्या झेरॉक्सवर पोच घ्या, सही-शिक्का-तारीख. एक झेरॉक्स गाडीच्या डिकीत.

फोनवर कुणी सीबीआय म्हणून, मुंबई पोलीस म्हणून, तुमचं वॉरंट निघालंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, पैसे पाठवा म्हटलं तर ते चोर आहेत. वॉरंट रद्द करायचे पैसे यूपीआयवर कोणी घेत नसतंय. फोन ठेवा, १९३० ला कळवा, आणि शंका राहिलीच तर ॲपवर नाव शोधून बघा.

वकिलाला पैसे नसतील तर न्यायसंकुलातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज केला की फुकट वकील मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि अपंगांना पण नाही. हेल्पलाईन १५१००. आणि पुढची तारीख कोर्टातनं बाहेर पडायच्या आधी मोबाईलमधे टाका, भावाच्या घरी ती आता कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली असते, वहिनीच लिहितात.