आधी खोली गप्प करा, मग सभामंडप उभा करा

आत्याचे अभंग रेकॉर्ड करायला घेतले ते गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत. दहा बाय दहाची खोली, गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर आत्या न्हाणीघरात गातेय असं वाटलं. मला हवा होता तो म्हाळसेच्या सभामंडपात ती गाते तेव्हाचा आवाज. म्हणून रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागे घुमत राहणारे पडसाद, वाढवला, तर शब्दच बुडाले.

चूक कुठे होती ते हिशोब मांडल्यावर कळलं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटीमीटर. माझ्या खोलीच्या मधोमध उभं राहिलं की भिंत दीड मीटरवर. आवाज जाऊन परत यायला नऊएक मिलिसेकंद. इतक्या लवकर आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजात मिसळून त्याचा रंग बिघडवतो. भिंत सहा मीटरवर असेल तर तोच प्रतिध्वनी ३५ मिलिसेकंदांनी येतो. गळ्यातून निघालेला शब्द आणि त्याचा पहिला पडसाद यांच्यामधली ही फट म्हणजेच मोकळेपणा. लहान खोली एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की नंतर निघत नाही. म्हणून पहिलं काम खोली गप्प करायचं.

खोलीत टाळी वाजवा. मागून ‘टर्र’ असा बारीक आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांचा काही उपयोग होत नाही. कापसाची जाड गादी उभी करा, आणि ती गाणाऱ्याच्या पाठीमागे. बरेच जण माइकच्या मागे लावतात. पण कार्डिऑइड माइकला मागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकू येतं; त्याच्या समोर असतो गाणारा आणि गाणाऱ्यामागची भिंत. दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या, पायाखाली सतरंजी. खोलीच्या अगदी मध्यावर आणि कोपऱ्यात उभं राहू नका.

वेळेचंही बघा. पंखा बंदच हवा. पावसाळ्यात कौलांवर सर आली की थांबायचं, दुसरा इलाज नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजून गेल्यावर आमच्याकडे तासभर शांतता मिळते. कंडेन्सर माइक असेल तर त्याला आपल्याकडची दमट हवा सोसत नाही, कुरकुर सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘फ’चा फुंकर अडवणारी जाळी. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठी तान उणे १० डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. तानपुरा हेडफोनमध्ये द्या. आत्या काळी चारमध्ये गाते. तो सूर स्पीकरवर लावला तर गळ्याच्या ट्रॅकमध्येही उतरतो आणि मग एखादी ओळ कापून जोडणं अवघड होतं.

आता मिक्सिंग. ८० हर्ट्झच्या खालचं कापा. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी करा. मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर हलका, तीनास एक, सुई तीन-चार डीबीच हलली पाहिजे. अभंगात आवाजाची चढउतार हाच जीव आहे, तो दाबू नका.

मग रिव्हर्ब, पण थेट गळ्याच्या ट्रॅकवर नको. वेगळा ट्रॅक करून गळ्याची एक प्रत सेंडने तिकडे पाठवा. तिथे रिव्हर्ब शंभर टक्के ओला, म्हणजे नुसते पडसाद, मूळ आवाज नाही. रिव्हर्बचा ‘हॉल’ प्रकार निवडा, प्री-डिले (पडसाद सुरू होण्याआधीची फट) ३० ते ४० मिलिसेकंद. ही वरच्या हिशोबातली सहा मीटरची भिंत. शब्द आधी कोरडा, स्वच्छ पोचतो आणि मंडप मागून उघडतो. विलंबित अभंगाला दोन सेकंदांचा रिव्हर्ब शोभतो, गजराला एक सेकंद पुरे. त्याच ट्रॅकवर इक्यू (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमीजास्त करणारं साधन) लावून ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ७००० हर्ट्झच्या वरचं कापा. नाहीतर खर्ज घुमतो आणि प्रत्येक ‘स’ मागे सळसळतो. माझ्या मते सगळ्या कृतीत सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फरक पडतो तो इथेच. पातळी हळूहळू वाढवा, रिव्हर्ब स्पष्ट ऐकू आला की तिथून दोन डीबी खाली या.

मागे म्हणणाऱ्यांना रुंदी द्यायची तर एकच ट्रॅक कॉपी करून डाव्या-उजव्या बाजूला टाकू नका; त्याने आवाज फक्त मोठा होतो. दोनदा वेगळं म्हणवून घ्या, माइकपासून तीन फूट मागे उभं करून. दोन वेळच्या म्हणण्यात जो किंचित फरक पडतो, त्यातून रुंदी येते. मुख्य गळा मात्र मधोमध.

शेवटी फाइल फोनवर घेऊन सोप्यावर जाऊन बसा, हेडफोन न लावता. एकच स्पीकर, बाहेर रस्त्याचा आवाज. आमच्याकडे तिथे आत्याच ऐकते. एखादा शब्द तिला कळला नाही तर मी परत आत जाऊन रिव्हर्ब आणखी एक डीबी खाली आणतो.