‘नोटोरियस’ म्हणजे फेमस नव्हे: या चुका टाळा

सत्काराच्या इंग्रजी पत्रिकेत पाहुण्यांना ‘नोटोरियस डॉक्टर’ म्हटलं, तर तो सत्कार राहत नाही, बदनामी होते. शब्दकोशात ‘वेल-नोन’ एवढंच वाचून पुढे गेलं की ही चूक हमखास होते. नोटोरियसच्या मुळाशी लॅटिनमधला ‘माहीत असलेला’ या अर्थाचा ‘नोटस’ आहे आणि जुन्या इंग्रजीत तो बऱ्या अर्थानेही चालायचा. आज मात्र त्याचा अर्थ कुख्यात.

फरक पक्का करायला 1986 मधली घटना घ्या. तिहार तुरुंगातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांतले मधुकर झेंडे यांनी गोव्यात पकडलं. नाव दोघांचंही गाजलं. शोभराज नोटोरियस, झेंडे फेमस. इथे शब्दांची अदलाबदल झाली तर एका कर्तबगार अधिकाऱ्यावर अन्याय होतो, म्हणून मी याबाबतीत आग्रही आहे.

नोटोरियस फक्त गुन्हेगारांसाठी असतो, असंही समजू नका. मुंबई-गोवा महामार्ग खड्ड्यांसाठी नोटोरियस आहे, हे वाक्य अगदी योग्य.

‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेलं, मग ‘इन्फेमस’ म्हणजे फेमस नसलेला, असा तर्क मुलं लावतात. तो फसतो. हा शब्दही बदनामीचाच, आणि सहसा नोटोरियसपेक्षा जड. उच्चार ‘इन्फमस’, जोर ‘इन्’वर. त्याचंच नाम ‘इन्फमी’. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या 7 डिसेंबर 1941 या दिवसाला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तोच शब्द लावला. ज्याला कोणी ओळखत नाही तो साधा ‘अननोन’.

आता खास आपली, मराठीतून येणारी चूक. आपल्याकडे माणूसही प्रसिद्ध असतो आणि निकालही प्रसिद्ध होतो. त्यामुळे ‘द रिझल्ट बिकेम फेमस’ अशी वाक्यं लिहिली जातात. निकाल, जाहिरात, लेख यांना ‘पब्लिश्ड’ किंवा ‘अनाउन्स्ड’ म्हणा. फेमसच्या पुढे कारण सांगताना ‘फॉर’ घ्या, ‘ऑफ’ किंवा ‘बाय’ नको: नागपूर इज फेमस फॉर इट्स ऑरेंजेस.

‘वर्ल्ड-रिनाउन सायंटिस्ट’ हेही अर्धवट आहे. रिनाउन हे नाम, विशेषण ‘रिनाउन्ड’. आणि स्पेलिंगमध्ये ‘के’ कुठेच नाही.